दारावरचा हात

"खमिराचा एक कणही घरात राहता कामा नये," टीव्हीतला दानियल म्हणाला.

टीव्हीबाहेरचा दानियल खिडकीशी चहा पीत बसला होता आणि स्वतःचाच आवाज ऐकून अवघडला होता. आक्काबाई आपल्या धाकट्या लेकाकडे एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या.

"ह्यो आतला दानू लई शाना दिसतोय," त्या म्हणाल्या. "कोट काय, टोपी काय. भायेरच्याला बशी कुठं ठीवावी ते कळंना."

दानियलने निमूटपणे बशी खिडकीतून उचलली. मुंबईच्या ज्या संस्थेत तो नोकरीला होता, तिने यहुदी सणांच्या अशा बऱ्याच कॅसेटी काढल्या होत्या. शब्बाथ, नव्याचा सण, दारफाळणीचा म्हणजे मोठ्या उपासाचा सण. पेण, रोहा, माणगाव अशा ठिकाणी एकेकटी पडलेली घरं, जवळपास ना प्रार्थनामंदिर ना शिकवणारं कोणी; त्यांनी टीव्हीसमोर बसून आपले विधी शिकावेत हा उद्देश. जुनी माणसं ज्याला अनशी ढाकायचा, म्हणजे आंबवणाचं मडकं झाकायचा, सण म्हणत, त्याला दानियल कॅसेटमध्ये पेसाह म्हणायचा. तो सण आज संध्याकाळी लागणार होता, आणि यंदा त्याची नवी फिल्म मुंबईतल्या भाड्याच्या हॉलमध्ये न करता खऱ्या घरात, बोरी बुद्रुकच्या आपल्याच घरात करायची असं दानियलने संस्थेकडून मंजूर करून घेतलं होतं.

फिल्ममध्ये एक बाई मेणबत्ती घेऊन कपाटाखाली वाकली. तिचा नवरा पिसाने पावाचा चुरा सुपलीत लोटत होता. रिबका, म्हणजे घरची थोरली सून, ही कॅसेट इतकी कोळून प्यायली होती, की बाई वाकायच्या आधी तीच पुढे झुकली. ठाण्याची मुलगी. शनिवारी सगळी आळी नटून प्रार्थनेला निघते हे पाहत वाढलेली. लग्न होऊन बोरीत आली आणि पंचक्रोशीत आपलं एकच घर हे पाहून पहिला महिनाभर रडली. तिच्यासाठी या कॅसेटी म्हणजे माहेरच होतं. येत्या जूनमध्ये ती, तिचा नवरा सिमसन आणि दोन मुली कायमचे इस्राएलला निघणार होते, आणि तिथे गेल्यावर आपण अडाणी ठरू नये म्हणून ती एकेक वाक्य पाठ करत होती.

"भाऊजी," तिने विचारलं, "कणीक पाण्यात कालवून ठेवली की खमीरच ना?"

"हो. लगेच भाजली नाही तर खमीरच."

"मग खळ?"

"कसली खळ?"

रिबकाची नजर दाराच्या चौकटीवर गेली, आणि मग सगळ्यांचीच गेली.

चौकटीच्या वर, बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या जाड पांढऱ्या कागदावर उजव्या हाताचा पंजा होता. बोकडाच्या रक्तात बुडवून उठवलेला, आता सुकून चिंचेच्या रंगाचा झालेला. तर्जनीचं वरचं पेर त्यात नव्हतं. ते आक्काबाईंच्या मालकांनी, बेनूशेटांनी, तरुणपणी कुकडीच्या कॅनॉलच्या कामावर एका मशीनला दिलं होतं. मिसर देशातल्या गुलामीतून सुटण्याच्या त्या रात्री इस्राएलांच्या दारांना रक्त लावलेलं पाहून मरणाचा दूत घरं ओलांडून गेला, त्याची ही आठवण. या घराण्याचे, चेऊलकरांचे, पूर्वज तेलाचा घाणा घेऊन कोकणातून माळशेज घाट चढले, ते बरंच काही विसरून आले, पण हा हात विसरले नाहीत. दर सणाला जुना कागद उतरायचा, नवा चढायचा, आणि हात घरच्या कर्त्या पुरुषाचा. बेनूशेटांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून आक्काबाईंनी कागद बदलू दिला नव्हता.

आणि तो कागद बेनूशेटांनी कणकेच्या खळीने चिकटवला होता.

*

"तूच शिकवलं आसंल तिला," सिमसन अंगणात येऊन दबक्या आवाजात म्हणाला.

"मी? दादा, मला स्वतःला सुचलं नव्हतं."

"कॅसेट कोनाची? तुजीच ना?"

सिमसनचा राग भावावर नव्हता. तो बायकोवरही नव्हता, पण कुणावर तरी काढायला हवा होता. आळेफाट्याला त्याचं डिझेल पंप दुरुस्तीचं गॅरेज होतं. कुठल्याही ट्रकचा आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा, पण दोन वर्षं झाली, आईचं दुखणं काही त्याच्या हाताला लागत नव्हतं. इस्राएलला चल म्हटलं की ती एकच बोलायची. "घराला कुलूप लावून ह्यांचा हात भायेर टांगून जाऊ व्हय? कोन बघंल त्याच्याकडं?" कागद सोबत घेऊ म्हटलं तर म्हणायची, "हात दाराचा आसतो. बॅगंचा नसतो." आईला मागे ठेवून जायचं या विचाराने त्याला जेवण जात नव्हतं. आणि न जावं तर रिबकाचं काय? वीस वर्षं तिने कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून तर त्याला जास्त टोचायचं.

आता हा हात उतरला तर आई मोकळी होईल, असं त्याच्या मनात आलं. तसं आल्याची त्याला भयंकर लाज वाटली.

"कागद राहू दे," तो म्हणाला. "काय न्हाई व्हत एका कागदानं."

"मलाही तसंच वाटतं. पण नक्की माहीत नाही रे. मी बूथवरून मुंबईला फोन लावून वडीलधाऱ्यांना विचारतो."

"जगाला शिकवतोस, आन् नक्की म्हाईत न्हाई?"

खरं तर त्याला पुष्कळ गोष्टी नक्की माहीत नव्हत्या. कॅसेटमध्ये बोलायचं ते त्याला लिहून मिळत असे. शाळेत मुलं 'शनवार तेली' म्हणून चिडवायची तेव्हा आपण नेमके कोण, हे सांगता येत नसे म्हणून तो या कामात शिरला होता, आणि पन्नास घरांना सांगून झालं तरी स्वतःला अजून पुरतं सांगता आलं नव्हतं.

तेवढ्यात रत्नदीपची मोटरसायकल फाटकाशी थांबली. आळेफाट्याला त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. मुंबईचा कॅमेरावाला घाट चढायला तयार नव्हता, म्हणून दानियलने आपल्या या शाळासोबत्याला गाठलं होतं.

"दानूभाऊ, उजेड झ्याक हाय. कुठनं सुरू करायचं?"

"दारापासनंच कर," आतून आक्काबाईंचा आवाज आला. त्या पदर खोचून उंबऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात ओलं फडकं होतं.

*

"आई, मी फोन लावतोय," दानियल म्हणाला. "थांब जरा. चालत असेल खळ."

"आन् चालत नसंल तर?"

"आई, आपन इतकी वरसं खळच लावली," सिमसन म्हणाला.

"तवा म्हाईत न्हवतं. आता म्हाईत हाय. लेकानं टीव्हीत सांगायचं, कन ठीवू नका, आन् त्याच्या आईनं दारावरच ठीवायचं? लोकं काय म्हनतील त्याला?" मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "आन् तीन वरसं मी सन तरी कुठं केला रं खरा? जुनाच हात ठीवला. ह्यांना फसवलं, देवाला बी फसवलं."

रिबका पुढे झाली. तिचे डोळे भरले होते. "आई, माझं चुकलं. मी बोलायलाच नको होतं."

"तुजं कशानं चुकलं? ध्यान देऊन ऐकलंस म्हनून कळलं. आमी बसलो कोट बघत."

रिबकाला सासूचा हात धरावासा वाटला. आपण विचारलं ते निव्वळ शंका म्हणून, की मनात दुसरंही काही होतं, हे तिला स्वतःलाच ठरवता येईना. सासू एक शब्दही लावून बोलली नाही, तेच तिला सोसवेना.

रत्नदीप कॅमेरा खांद्यावर तसाच ठेवून उभा होता. "आक्का, एक बोलू का? आमच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवा देव्हाऱ्यातले देव नदीला सोडले. आजीनं ऐकलं त्याचं. पन तो देव्हाऱ्याचा कोनाडा तिनं मरंस्तवर मोकळाच ठेवला. आमी पोरांनी दिवा ठेवला तरी काढायची. तसं नका करू. दुसरं कायतरी लावा तिथं."

"लावू की. नवा हात लावायचाच हाय आज," आक्काबाई म्हणाल्या आणि स्टुलावर चढल्या. दोन्ही लेकांनी दोन बाजूंनी स्टूल धरलं. दानियल मग तेवढ्यापुरतं फोनचं विसरून गेला.

*

वरची कड उन्हाने आधीच सुटली होती. आक्काबाईंनी ओलं फडकं कागदाच्या मागे सरकवलं आणि थांबल्या. खळ भिजायला वेळ लागतो. बेनूशेटांनी सगळ्या पाठीला चोपडली होती. हात राखून काही करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. जेवायला वाढायचे तेही तसंच, पाहुणा नको नको म्हणेपर्यंत.

रोज दिवेलागणीला त्या टाचा उंचावून या पंजावर आपला पंजा टेकवायच्या आणि बोटं ओठांना लावायच्या. लेकांना वाटायचं, आई देवाचं काहीतरी करते. त्यात देवाचं काही नव्हतं. नवरा जिता असताना चारचौघांत कधी त्याचा हात धरला नव्हता, तो मेल्यावर धरता येत होता, एवढंच. आता स्टुलावर उभं राहून त्यांना त्या अर्ध्या बोटाची फार आठवण आली. तापात कपाळावर ते फिरायचं तेव्हा बाकीच्या बोटांपेक्षा वेगळं लागायचं.

"आक्का, कॅमेरा बंद करू का?" रत्नदीपने विचारलं.

"का? चालू ठीव. ह्ये बी शिकवा लोकांना."

कागद सुटला. एक कोपरा तेवढा भिंतीलाच राहिला, तो त्यांनी नखाने खरवडून काढला. आता याचं काय करायचं? फिल्ममधल्या जोडप्याने चुरा अंगणात जाळला होता. जाळायचं म्हटल्यावर दोन्ही भावांनी एकदमच "नाही" म्हटलं. सकाळपासून दोघं एका सुरात बोलले ते इथेच.

"विकता येतं," रिबका म्हणाली. ते वाक्यही तिला पाठ होतं. "जे टाकवत नाही, ते सणापुरतं दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला विकायचं. खरोखरीचं विकायचं, आणि सण झाला की परत विकत घ्यायचं."

आक्काबाईंनी बोळापलीकडे हाक मारली. "कुशे! एऽ कुशे!"

कुशाबाई पिठाचे हात पुसत आली. तिचे मालक सोपानराव आणि बेनूशेट एका मोटेवर भिजलेले, एका ताटात जेवलेले. कुशाबाई दर भाऊबीजेला बेनूशेटांना ओवाळायची. तिला सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं.

"म्हंजी इकत घ्यायचा? भावाचा हात इकत घेऊ मी? तोंड बघा माजं!"

"आगं, आठ दिसांपुरता. पसाभर बाजरी दे न् घेऊन जा."

"तशीच ठीवते की पेटीत."

"तशी न्हाई चालत. तुजा झाला पायजे, तरच माज्या घरातनं गेला."

कुशाबाई रडत रडत गेली आणि पसाभर बाजरी घेऊन आली. आक्काबाईंनी पदरात घेतली. मग कुशाबाईने आपला पदर पसरला आणि आक्काबाईंनी त्यात कागद ठेवला, लहान मूल ठेवावं तसा. बोळ ओलांडून कुशाबाई घरात जाईपर्यंत त्या बघत होत्या.

दार मोकळं झालं. चुना नुकताच दिला होता, पण कागदामागचा चौकोन त्याहून वेगळा दिसत होता. आक्काबाई आत गेल्या आणि कलई केलेली भांडी उगीचच पुन्हा पुसत बसल्या.

*

दानियलचा फोन लागला तो दुपार टळल्यावर. बूथवरून तो चालत परत आला तेव्हा सिमसन अंगणात हात धूत होता. बोकड कापून झालं होतं, पितळी परातीत रक्त काढून ठेवलं होतं, शेजारी नवा पांढरा कागद होता आणि या वेळी खिळे.

"काय म्हनाले?"

"चालते खळ," दानियल म्हणाला. "खायची वस्तू नव्हे ती. ठेवला असता तरी काही बिघडलं नसतं."

सिमसन पाणी तसंच वाहू देत उभा राहिला. आपण सकाळी भावाला टाकून बोललो ते त्याला आठवलं. आता दानियलचा चेहरा बघवत नव्हता.

"आईला सांगू नगंस," तो म्हणाला.

"नाही सांगत."

"मी बी न्हाई सांगत."

लहानपणी दोघांनी मिळून बेनूशेटांचं घड्याळ विहिरीत पाडलं होतं, त्यानंतर दोघांमध्ये असं गुपित आजच होत होतं.

ऊन भिंतीवरून खाली सरकू लागलं, तसा रत्नदीप घाई करू लागला. "चला, हात कोन लावतंय? दिवस मावळला की सन लागला म्हनून तुमीच कॅमेरा बंद करायला लावनार."

"दादा लावेल," दानियल म्हणाला. "तो मोठा."

सिमसनने बाह्या सरसावल्या आणि परातीपाशी बसला. हात खाली नेला आणि तसाच मागे घेतला.

"मी जूनमधी जानार. माजा हात हितं कशाला? तू लाव."

"मी ठाण्यात राहतो. परवा निघणार. माझा हात लावून काय उपयोग?"

"फिल्लममधी तर दिसंल!"

"फिल्मसाठी नाही लावायचा, दादा. मला नाही जमणार. लोकांना दाखवायचं की हा घरचा कर्ता, आणि परवा बॅग उचलायची?"

"मग मी कर्ता म्हनून दाखवू? घर सोडून चाललेला?"

"तू थांब मग."

"तू ये मग हितं ऱ्हायला!"

आवाज वाढले. रत्नदीपने कॅमेरा खांद्यावरून खाली घेतला. रिबका दोघांना गप्प करायला बाहेर धावली, तर तिच्या मागे उंबऱ्यात आक्काबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

आक्काबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आल्या, परात उचलली आणि आंब्याच्या बुडाशी हळूच ओतून टाकली. वर माती लोटली.

"कागद कोराच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ज्याचा हात, त्यानं घरात ऱ्हायला पायजे. नुसता हात काय करंल?"

रत्नदीपने कॅमेऱ्याची बॅग बंद केली. फिल्ममध्ये नवा हात लागण्याचा भाग राहूनच गेला.

*

दिवे लागले. पाटांवर सगळे बसले. मनुकांचा रस, बेखमीर भाकर, कडू पाला, मिठाचं पाणी. रिबकाने मांडणी एवढी नीट केली होती, की मुंबईच्या हॉलवाल्यांनी शिकावं. सिमसन मराठी पोथीतून मिसरातून सुटकेची कथा वाचत होता. बेनूशेट ती गात असत. सिमसनला सूर माहीत होता, पण तो नुसताच वाचत राहिला. 'आज इथे, पुढच्या वर्षी इस्राएलच्या भूमीत' हे वाक्य आलं आणि त्याने ते भराभर संपवलं. घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हे वाक्य म्हटलं होतं, पण खरंच निघायची वेळ कुणावर आली नव्हती.

कथा झाली, जेवण झालं, तशी रिबका चाचरत म्हणाली, "आता दार उघडायचं असतं. एलियाहू हन्नबींसाठी. ते संदेष्टे आज रात्री घरोघर येतात."

"आपल्यात न्हवतं ह्ये," सिमसन म्हणाला.

"कॅसेटमधी हाय ना? मग उघडा," आक्काबाई म्हणाल्या आणि स्वतःच उठल्या. हात उतरल्यापासून त्यांनी त्या दाराकडे पाठ केली होती. त्यांनी कडी काढली आणि दोन्ही फळ्या उघडल्या.

बोळापलीकडे सोपानरावांच्या ओसरीवर बल्ब लागला होता. त्याच्या उजेडात कुशाबाई स्टुलावरून उतरत होती. तिच्या एका हातात वाटी होती, दुसरा हात मनगटापर्यंत चिकट झाला होता. वर, तिच्या चौकटीवर, बेनूशेटांचा हात होता. अर्ध्या तर्जनीसकट.

"कुशे," आक्काबाईंच्या तोंडून निघालं.

कुशाबाई चपापली. "आक्का, रागावू नगंस. पेटीत ठीवायला गेले गं, पन भावाचा हात पेटीत कोंडवंना. पत्तरवाळ्या, जुनी लुगडी, त्यात त्यो हात! म्हनलं, आठ दिस माजा हाय ना? मग माज्या दारावर ऱ्हाऊ दे. चांगली दाट खळ शिजवून बसवलाय. वारं लागू दे न्हाई तर पानी, हालायचा न्हाई. सन झाला की काढून देते."

दाट खळ. रिबकाने तोंडावर हात ठेवला. तीन वर्षांचा तो कागद सकाळी कसाबसा जिवंत उतरला होता. पुन्हा काढायला गेलं तर त्याच्या चिंध्या होणार, हे आत बसलेल्या सगळ्यांना कळलं. कळलं नव्हतं ते फक्त कुशाबाईला.

आक्काबाई उंबऱ्यावर टेकल्या. त्यांना रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्हीतलं कोणतं आधी बाहेर पडलं ते कुणाला कळलं नाही. समोर सोपानराव हातात बॅटरी घेऊन आले आणि कागद सरळ बसलाय का ते बघू लागले. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी हात उंच करून आपला थकलेला पंजा त्या पंजावर क्षणभर टेकवला आणि आत गेले.

"काढू नगंस, कुशे," आक्काबाई म्हणाल्या.

"आँ? मंग आठ दिसांनी परत घ्यायचा ना?"

"न्हाई घ्यायचा. तुजाच ऱ्हाऊ दे."

कुशाबाईने डोळ्याला पदर लावला.

आक्काबाई उठल्या आणि दार उघडंच ठेवून आपल्या पाटावर येऊन बसल्या. दानियल मान खाली घालून भाकरीचा तुकडा बोटांनी चुरत होता.

"सिमसन," त्या म्हणाल्या, "माजा बी पासपोर्ट काढ."

दोन वर्षं सिमसनने या एका वाक्याची वाट पाहिली होती. त्याने पोथी तोंडापाशी धरली आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. रिबका त्याच्याकडे बघत राहिली, दानियल उठून त्याच्याजवळ गेला, पण त्याला काही आवरेना. शेवटी आक्काबाईंनीच त्याच्या हातातली पोथी घेतली, राहिलेल्या स्तोत्राचं पान काढून दानियलपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "तू म्हन आता. ह्यांच्या सुरात म्हन."